ओला कापूस

मेहबूबचाचांना कुणी चित्रकार म्हटलं की ते चिडायचे. "चित्रकार मेला, तवा त माझं काम निघालं," असं म्हणायचे आणि चष्मा नाकावर ओढून पुन्हा समोरच्या तसबिरीवर वाकायचे. कळमनुरीत नांदेड रस्त्याला त्यांचं दुकान होतं. पाटीवर 'फोटो फ्रेम, आरसे' एवढंच लिहिलेलं. इथं जुनी तैलचित्रं नीट करून मिळतात, हे पाटीवर कुठंच नव्हतं. लिहिलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. आमच्याकडे चौकटीत बसवलेल्या प्रत्येक वस्तूला फोटोच म्हणतात.

मी गावातल्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायचो. म्हणजे मुलींना ग्रेडच्या परीक्षांना बसवायचो आणि उरलेला वेळ फळ्यावर सुविचार लिहायचो. चाचांच्या दुकानात पहिल्यांदा गेलो तो शाळेच्या एका प्रमाणपत्राला काच बसवायला. मागच्या भिंतीला एक मोठी देशमुखी तसबीर टेकवून ठेवलेली होती. अर्धा चेहरा धुरानं काळाठिक्कर, अर्धा स्वच्छ. त्या स्वच्छ अर्ध्यातून एक म्हातारा माझ्याकडे असा रोखून पाहत होता की माझे हात आपोआप जोडले गेले. मग मी ओशाळलो. चाचा मात्र हसले नाहीत.

"बराबर केलं," ते म्हणाले. "मी पण सलाम केला होता."

'बराबर' हा त्यांचा सर्वांत मोठा शब्द होता. छान, सुंदर, झकास हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. कुणी तसबीर घेऊन आला आणि "एकदम नवीन करून द्या" म्हणाला, की ते ती त्याच्याच हातात परत द्यायचे. "नवं पायजे त बाजारात जा. माझ्याकडं बराबर करून मिळतं." गिऱ्हाईक बुचकळ्यात पडायचं. नवं आणि बराबर यांत फरक काय, हे समजावून सांगायच्या भानगडीत ते पडत नसत. समजणारा थांबायचा. न समजणारे जास्त असायचे.

वडिलांचं दुकान होतं ते. हे तरुणपणी हैदराबादला गेले आणि तिथल्या एका संग्रहालयात जुन्या चित्रांची देखभाल करणाऱ्या उस्तादाच्या हाताखाली वीसेक वर्षं राहिले. वडील गेले आणि दुकान बंद पडायला नको म्हणून परत आले. ही त्यांच्या आयुष्यातली घोडचूक होती, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथं राहिले असते तर लोकांनी त्यांनाही उस्ताद म्हटलं असतं. इथं ते 'फ्रेमवाला' झाले.

तसबीर आली की ते आधी तिच्या मागच्या बाजूनं कॅनव्हासवर बोटांनी टिचक्या मारायचे, टरबूजवाला मारतो तशा, आणि कान लावून ऐकायचे. मग वास घ्यायचे. याला ते 'तब्येत पाहणं' म्हणत. चौकटीकडे तर आमच्या लोकांचं लक्षही नसतं. वाळवीनं पोखरलेली चौकट लोक चुलीत घालायला निघायचे आणि चाचा ती ओढून घ्यायचे. एका कोपऱ्यावरची वेलबुट्टी शाबूत असली तर तिच्यावर ओली माती दाबून साचा काढायचे आणि तुटलेले तिन्ही कोपरे त्यातून पुन्हा उभे करायचे. त्यावर सोनेरी वर्ख चढला की जुना कोपरा कुठला आणि नवा कुठला ते मला ओळखू यायचं नाही. पण मागून पाहिलं तर प्रत्येक नव्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं बारीक 'मे' लिहिलेलं असायचं. "उद्या कोणी खोललं त फसू नये," म्हणायचे.

आपल्या जिल्ह्यातल्या तसबिरींचं आधी कपाळ मरतं, हे त्यांचं निदान होतं. ते खरंच आहे. दसरा आला, पुण्यतिथी आली की आपण हार घालतो आणि ओलं कुंकू थेट चित्रावर टेकवतो. दर वर्षी त्याच जागी. पन्नास वर्षांत त्या जागचा रंग भुसभुशीत होऊन गळून पडतो. माणसाचा फेटा शाबूत, मिशा शाबूत, कोटाची बटणं शाबूत, आणि कपाळात भोक. चाचांनी अशी किती कपाळं बुजवली त्याची गणती नाही. तसबिरीला काच बसवून देताना ते हात जोडून सांगायचे, "साहेब, टिळा काचेला लावा. माणसाला लावू नका." लोक हो हो म्हणायचे. दोन वर्षांनी तीच तसबीर काच काढून परत यायची, कारण काचेवरचा टिळा आजोबांना पोचत नाही असं घरातल्या कुणाला तरी वाटलेलं असायचं.

कनेरगाव नाक्याच्या एका ढाबेवाल्यानं दसऱ्याला आजोबांची तसबीर कपड्याच्या साबणानं घासली. धूर निघाला, त्याबरोबर मिशीही निघाली. तो घाबराघुबरा होऊन चाचांकडे आला. "आजोबाची मिशी तुमी मोरीत सोडली," चाचा म्हणाले, आणि तसबीर ठेवून घेतली. महिनाभर भिंगातून पाहून त्यांनी डाव्या बाजूचे उरलेसुरले काळे कण शोधले आणि तेवढ्यांच्या आधारानं केसासारख्या बारीक रेघांनी मिशी भरली. उजवीकडे काहीच उरलं नव्हतं. तिथं त्यांनी फक्त पुसट सावली ठेवली.

ढाबेवाला म्हणाला, "चाचा, अर्धीच काहून? आमचा आजा लय झुपकेदार होता म्हंतात."

"अर्धीच सापडली."

"मंग अंदाजानं लावून द्या ना बाकीची."

"अंदाजानं लावाची त तुमीच लावा. मी आजोबाला पाह्यलं न्हाई."

दोघं तासभर भांडले. शेवटी ढाबेवाला अर्धमिशीचा आजोबा घेऊन गेला आणि त्यानं तो गल्ल्याच्या वर टांगला. येणारा-जाणारा विचारायचा, हा सांगायचा, आणि दोन वर्षांनी त्याला त्या अर्ध्या मिशीचा अभिमान वाटायला लागला. मी हे सगळं पाहत होतो. चाचांची कीर्ती वाढतेय असं मला वाटायचं. मला तेव्हा पुष्कळ काही वाटायचं.

मधल्या सुट्टीनंतर तास नसला की मी त्यांच्या दुकानात जाऊन बसायचो. तिथंच एकदा त्यांची मुख्य गोष्ट मला कळली. ते एका काडीला कापूस गुंडाळायचे, तो तोंडात धरून ओला करायचे आणि चित्रावर हलकेच फिरवायचे. काडी काळी झाली की टाकायची, दुसरी घ्यायची. मी विचारलं, हे काय?

"थुंकी," ते म्हणाले. "पाण्यानं धूर निघत न्हाई. औषधानं धूर निघतो, पण त्येच्यासंगं रंग पण निघायची भीती. थुंकी बराबर. ना जास्त, ना कमी. जगातले सगळे उस्ताद थुंकीनंच सुरुवात करतात मास्तर. फकस्त सांगत न्हाईत."

पुढं त्यांनी एक वाक्य जोडलं. "तुमी पण सांगू नका."

आमच्या शाळेच्या सभागृहात संस्थापिका आक्कांचं तैलचित्र आहे. आक्का एकोणिसाव्या वर्षी विधवा झाल्या आणि त्यांनी घरच्यांशी भांडून दोन खोल्यांत मुलींची शाळा काढली. त्यांच्या हयातीतच हैदराबादहून एक चित्रकार बोलावून हे चित्र काढून घेतलेलं. आता संस्थेचे अध्यक्ष म्हणजे त्यांच्या दिराचे नातू, भाऊसाहेब. दर भाषणात भाऊसाहेबांचं एक वाक्य ठरलेलं असे: आक्कांचं मोकळं कपाळ हाच या संस्थेचा आदर्श आहे. मुली टाळ्या वाजवायच्या. चित्रातल्या आक्का तोवर उदबत्तीच्या धुरानं एवढ्या काळवंडल्या होत्या की कपाळ कुठं आणि पदर कुठं हे सांगता येत नव्हतं. शाळेचा अमृतमहोत्सव आला तेव्हा मीच पुढं होऊन चाचांचं नाव सुचवलं. मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

चित्र दुकानापर्यंत नेण्याजोगं नव्हतं, म्हणून शाळेच्याच सामानाच्या खोलीत दोन महिने काम चाललं. हळूहळू पदराचे काठ आले, हातातलं पुस्तक आलं, मग चेहरा. आक्का इतक्या करारी असतील असं मला वाटलं नव्हतं. कपाळाशी येऊन चाचा थांबले. भिंग लावलं, बाजूनं दिवा धरला.

"हितं नंतर कोणी तरी हात मारलाय. रुपयायेवढी जागा. मागचा रंग येगळा, ह्यो येगळा."

त्या रुपयाएवढ्या जागेला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी वरचा रंग सुटला आणि खालून कुंकू निघालं. ठसठशीत, गोल, लाल.

मी म्हटलं, कुणी तरी पुण्यतिथीला लावलं असेल. चाचांनी भिंग माझ्या हातात दिलं. "कुंकवाची पूड कापडाच्या विणीत बसती. आयुष्यभर तेच काढत आलोय मी. हे ब्रशचं हाये. कपाळासंगंच वाळलंय." मग ते खुर्चीत बसले. "पेंटर आपल्या मनानं काहून लावंल मास्तर? या बाईनंच सांगितलं असंल. लाव म्हणून."

 इतकी वर्षं आम्ही ज्या बाईच्या मोकळ्या कपाळाला टाळ्या वाजवत होतो, ती कुंकू लावून बसली होती. चाचांनी त्या जागेवर वार्निशचा एक हात दिला आणि वर पातळ कापड सोडलं.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब आले. कापड बाजूला केलं. खोलीत आम्ही तिघंच होतो. ते चकित झाले नाहीत, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

"हे झाकून टाका," ते म्हणाले.

"साहेब, मी झाकत न्हाई," चाचा म्हणाले. "मी झाकलेलं काढतो."

"आमच्या वडलांनी काय उगाच झाकलं होतं?"

हे वाक्य त्यांच्या तोंडून निसटलं आणि निसटलं हे त्यांनाही कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुख्याध्यापक महिनाभरात निवृत्त होणार होते आणि पुढची पाळी माझी होती.  

चार दिवसांनी कार्यकारिणीची बैठक भरली. चाचांना बोलावलं होतं. कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून मी कोपऱ्यात. भाऊसाहेब म्हणाले, "आमच्या आक्कांच्या कपाळाला या माणसानं कुंकू लावलंय. विधवेच्या. कोणत्या हेतूनं, ते त्याला विचारा."

चाचा उभे राहिले. त्यांच्या हातात एक काडी आणि टर्पेंटाइनची छोटी बाटली होती. "मी लावलेला रंग कच्चा असतो साहेब, मुद्दाम. माझ्यापरीस हुशार कोणी आला त त्याला माझं काम पुसता आलं पायजे. चला, तुमीच पुसून पाहा. निघाला त माझा. न्हाई निघाला त आक्काचा."

त्यांनी काडी पुढं केली. टेबलाभोवती सहा माणसं होती. एकाचाही हात पुढं आला नाही. तेवढ्यात एक सदस्य, जो तोवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, वर न पाहता म्हणाला, "ते राहू द्या. तुम्ही आक्कांच्या तोंडाला थुंकी लावली, हे खरं का?"

आता सांगतो. ती गोष्ट शिक्षकांच्या खोलीत मी सांगितली होती. कौतुकानं सांगितली होती, पण नक्कल करून. काडी तोंडात कशी धरतात, डोळा कसा बारीक करतात. सगळे पोट धरून हसले होते आणि मला हसवायला आवडतं. कौतुक हसण्यात विरलं आणि बाहेर गेली ती नुसती थुंकी.

चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय."

"लावली?"

"थुंकीनंच साफ करतात साहेब. आमचे उस्ताद..."

"समजलं," भाऊसाहेब म्हणाले.

कुणी आवाज चढवला नाही. त्या बैठकीत कुंकवाचा विषय पुन्हा निघालाच नाही. कुंकू कुणाचं, कधीचं, झाकलं कुणी, या सगळ्याला त्या एका 'व्हय'नं उत्तर मिळालं होतं. मी तोंड उघडलं असतं तर एवढंच म्हणायचं होतं: भाऊसाहेब, त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात? सहा शब्द. मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बसलो. त्यावर भेंडीच्या बियाण्याची जाहिरात होती, ती मला अजून पाठ आहे. चाचांनी काडी खिशात ठेवली, बाटलीचं बूच घट्ट केलं, सगळ्यांना सलाम केला आणि गेले.

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. गावात काय झालं असेल ते कुणालाही सांगायला नको, हल्ली ते सगळीकडे सारखंच असतं. ज्यांच्या तसबिरी दुकानात होत्या ते एकेक करून आले आणि अर्धवट झालेल्या घेऊन गेले. चाचांनी वाद घातला नाही. कनेरगाव नाक्याच्या ढाबेवाल्यानं मात्र फोन केला. त्या वेळी दुकानात कुणी नव्हतं म्हणून मी मागच्या दारानं जाऊन बसलो होतो. मागच्या दारानं, हेही लिहून ठेवतो.

"आमच्या आजाला पण लावली होती का?" त्यानं विचारलं. फोन स्पीकरवर होता.

"व्हय. मिशी तिच्यानंच सापडली."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. नंतर कळलं, त्यानं ती तसबीर गोमूत्र शिंपडून ओल्या फडक्यानं खसाखसा पुसली. सापडलेली अर्धी मिशीही गेली. पण त्याला म्हणे आता बरं वाटतं.

आक्कांचं कपाळ झाकायला पाण्याच्या टाक्यांच्या जाहिराती रंगवणारा एक पेंटर आणला. त्यानं डब्यातला ऑइलपेंट मिसळून अंगाचा रंग बनवला आणि पाच मिनिटांत काम उरकलं. तो रंग जरासा गुलाबी पडला. जखमेवर पट्टी चिकटवल्यासारखं दिसतं. अमृतमहोत्सवाला भाऊसाहेब त्याच चित्राखाली उभं राहून मोकळ्या कपाळाबद्दल बोलले. सूत्रसंचालन प्रभारी मुख्याध्यापकांनी केलं. म्हणजे मी.

त्यानंतर दुकानाकडे माझं जाणं झालं नाही. 'जाणं झालं नाही' असं मी लिहितोय, पण खरं म्हणजे मी गेलो नाही. रस्त्याच्या त्या बाजूनं चालायचंही सोडलं. एक दिवस बसमधून पाहिलं तर पाटी उतरलेली होती आणि तिथं मोबाइलची कव्हरं टांगलेली होती.

गेल्या हिवाळ्यात नांदेडला निघालो होतो. वारंगा फाट्यावर बस पंधरा मिनिटं थांबते. चहाला उतरलो तर एका हॉटेलच्या बाकावर मेहबूबचाचा. ते हॉटेल त्यांच्या जावयाचं होतं, हे मला तेव्हा कळलं. अंगानं निम्मे झाले होते. मांडीवर भंगारातून आलेली एक वीतभर चौकट होती आणि तिच्यात धुरानं काळं पडलेलं घोड्याचं चित्र. समोर पाण्याचा ग्लास.

"बसा मास्तर," ते म्हणाले, जणू मी कालच येऊन गेलो होतो. जावयाला हाक मारून चहा सांगितला.

 "ते आक्कांचं..." मी म्हणालो.

"हाये की. जागेवर हाये." ते चौकटीकडेच पाहत होते. "मी वार्निश मारलं होतं ना त्याच्यावर. त्यायचा रंग माझ्या वार्निशवर बसलाय, आक्काच्या कपाळावर न्हाई. उद्या कोणी जाणता आला की वार्निशसंगं सगळं निघून येईल. त्या बाईला काय घाई न्हाई."

 मी म्हणालो, "चाचा, शिक्षकांच्या खोलीत ती गोष्ट मी..."

"चा घ्या. गार होऊन राहिला."

बाकावर आणखी तीन-चार माणसं येऊन बसली, माझ्याच बसमधली. चाचांनी खिशातून काडी काढली. कापूस घेऊन दोन बोटांत तो गुंडाळला, तसाच, घट्ट, एकही तंतू बाहेर न ठेवता. हात सवयीनं तोंडाकडे गेला. ओठ उघडले. आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

हात तिथंच थांबला. मग खाली आला, आणि त्यांनी तो कापूस ग्लासातल्या पाण्यात बुडवला.

पाण्यानं त्या घोड्यावरचा धूर निघत नव्हता. बस सुटेपर्यंत ते पुसत होते.